जुनी सेडिया, जळगावचा उन्हाळा: टर्बो बसवू की सुपरचार्जर?

सेडिया_एमएच१९ | १२ मे, रात्री १०:१५

राम राम मंडळी. वर्षभर मनात घोळणारा प्रश्न आज मांडतो. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहिती दिली की सल्लाही अर्धवटच मिळतो.

गाडी मित्सुबिशी लान्सर सेडिया, २००७ ची, पाच गिअरची मॅन्युअल. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केळीला चांगला भाव मिळाला त्या वर्षी शोरूममधून नवी घेतली. २.० लिटरचं ४जी९४ इंजिन, कागदावर ११५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. मीटर आज १ लाख ४२ हजारांवर आहे. चार दारांची गाडी स्पोर्ट्स कार कशी, असं कुणी म्हणेल. पण देशातल्या रॅलींमध्ये हीच गाडी वर्षानुवर्षं धुरळा उडवत होती, आणि वळणात तिचं मागचं सस्पेन्शन जसं रस्ता धरून ठेवतं तसं मी आजच्या महागड्या गाड्यांतही अनुभवलेलं नाही.

रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे. सेडिया निघते रविवारी पहाटे. फर्दापूरवरून अजिंठा घाट, कधी चाळीसगावहून कन्नड घाट, आणि वर्षातून दोनदा शहाद्यावरून तोरणमाळ. तक्रार एकच: घाटात दुसऱ्या गिअरला वळणातून बाहेर पडताना २,५०० आरपीएमला गाडी दम खाते. ४,००० च्या पुढे छान ओढते, पण घाटात तिथपर्यंत पोचेस्तोवर पुढचं वळण आलेलं असतं. टॉप स्पीड मला नको. खालचा पिकअप हवाय.

त्यासाठी इंजिनात जास्त हवा दाबून भरायची, आणि तसं करणारे दोन पर्याय समोर आहेत. मुंबईहून एकजण मिनी कूपर एसमधून काढलेला ईटन एम४५ सुपरचार्जर देतोय. ब्रॅकेट आणि पुली इथे एमआयडीसीत लेथवर करून घ्यावी लागेल. दुसरा पर्याय म्हणजे पुण्याच्या एका ट्यूनरकडून छोटा नवा टर्बो, मॅनिफोल्डसकट.

काय करू?

पारोळ्याचा_पोऱ्या | १२ मे, रात्री १०:३२

टर्बो. डोळे मिटून टर्बो. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो, इंजिनचीच ताकद खाऊन इंजिनला देतो, टर्बो सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरावर चालतो. फुकट ताकद सोडून विकतची कशाला घ्यायची?

गिरणाकाठ | १२ मे, रात्री ११:२०

फुकट काही नसतं, भाऊ. टर्बाइन एक्झॉस्टच्या वाटेत बसतं, म्हणजे इंजिनला धूर बाहेर ढकलताना तेवढा जास्त जोर लावावा लागतो. टर्बोचा हिशेब सुपरचार्जरपेक्षा चांगला लागतो हे खरं, पण वाटेत अडथळा येतोच.

मी जळगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, टाकीत हवा सोडायला रूट्स ब्लोअर आहेत, चोवीस तास चालणारे. ईटन एम४५ हे त्याच जातीचं यंत्र. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवेचा एकेक घास पुढे ढकलतात. म्हणूनच त्याचा पिकअप हजार आरपीएमपासून हजर असतो. पॅडल दाबलं की हवा आलीच, वाट बघणं नाही. सेडिया_एमएच१९ यांना घाटात जे हवंय ते नेमकं हेच आहे.

आता आकडे. एम४५ एका फेऱ्यात ४५ घनइंच, म्हणजे साधारण ७४० सीसी हवा पुढे सारतो. २.० लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात जास्तीत जास्त १ लिटर गिळतं. ब्लोअर क्रँकच्या दुप्पट वेगानं फिरवला तर इंजिनकडे दीड लिटरच्या आसपास हवा येते, गळती धरून ०.४ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्तीचा दाब, धरा. इंजिन ६,००० ला असताना ब्लोअर १२,००० ला फिरेल, जे त्याच्या आवाक्यात आहे. म्हणजे माप जुळतं.

जुळत नाही ती जागा. एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, पॉवर स्टीअरिंगचा पंप हे सगळे आधीच बेल्टवर आहेत. ब्लोअरच्या छोट्या पुलीला बेल्टचा वेढा पुरेसा मिळाला नाही तर बेल्ट घसरणार. आणि पुली एका रेषेत नसली तर आठवड्यात बेल्टची कड दोऱ्यासारखी उसवते. आमच्याकडे नवीन फिटर मोटर बसवतो तेव्हा मी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर पोलादी पट्टी लावून उजेड कुठून दिसतो ते बघायला लावतो. केसाएवढी फट दिसली तरी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, टाकायची. घरगुती ब्रॅकेटवर हे काम नीट होईल का, याचं उत्तर आधी मिळवा. ब्रॅकेट जाड प्लेटचं हवं आणि इंजिन ब्लॉकलाच धरलेलं हवं. बॉडीला धरलं तर इंजिन हललं की रेषा बिघडली.

दीपनगर_निवृत्त | १३ मे, सकाळी ६:०५

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. मी भुसावळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात टर्बाइनवर नोकरी केली, आता घरी आहे. ताकदीची चर्चा सगळे करतात, तापमानाची कुणी करत नाही, म्हणून लिहितो.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं तोंड चटका देतं तेवढंच हे साधं आहे. आता आपल्याकडच्या मे महिन्याचा हिशेब करू. बाहेर ४४ अंश. बूस्ट ०.५ बार, म्हणजे दाब दीडपट. कॉम्प्रेसर अगदी आदर्श असता तरी हवा ८३ अंशांवर गेली असती. चांगल्या टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १०० अंश. रूट्स ब्लोअरची ५५ टक्के धरली तर ११५ अंश. हेच गणित डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना केलं तर टर्बोची हवा ६२ अंशांवर थांबते. तीच गाडी, तोच बूस्ट, पण इंजिनच्या दृष्टीनं मे आणि डिसेंबर ही दोन वेगळी गावं आहेत.

यात आणखी एक चूक नेहमी घडते. फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला तर तो बाहेरची ४४ अंशांची हवा घेतच नाही, रेडिएटरमागची ६० अंशांची घेतो. मग टर्बोतून बाहेर पडणारी हवा १२० अंशांजवळ जाते. इतकी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की प्लगच्या ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. नॉकिंग म्हणतात ते हेच.

म्हणून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, हवाच. १०० अंशांची हवा इंटरकूलरनं ६४ वर आणली तर तिची घनता दहा टक्क्यांहून जास्त वाढते आणि नॉकिंगपासून जीव वाचतो. टर्बोला इंटरकूलर बसवणं सोपं, पाइप पुढून फिरवून आणता येतो. एम४५ इनटेकला चिकटून बसवला तर मध्ये इंटरकूलरला जागा कुठे? तिथे पाण्यानं थंड होणारा लागेल, म्हणजे वेगळा पंप, वेगळा छोटा रेडिएटर. ब्लोअर फिरवायला वरच्या आरपीएमला इंजिनची दहा ते पंधरा अश्वशक्ती जाते, ती वेगळीच.

नाशिक-पुण्याकडच्या लोकांचे अनुभव वाचून इथे निर्णय घेऊ नका एवढीच विनंती. त्यांच्या उन्हात आणि आपल्या उन्हात फरक आहे.

सेडिया_एमएच१९ | १३ मे, सकाळी ८:४०

काका, मनापासून आभार. फिल्टरचं वाचून पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी मी मूळ डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर बसवून घेतलाय. आवाज छान येतो म्हणून.

लळिंगचा_वाटसरू | १३ मे, दुपारी २:१०

माझा अनुभव लिहितो. धुळ्याचा आहे. माझ्याकडे १.६ लिटरची जुनी हॅचबॅक होती, तिला मी टर्बो बसवून घेतला. कुठे, कुणाकडे, ते सांगत नाही. काम करणारी माणसं मन लावून काम करत होती, पण घाई होती, आणि त्या घाईत माझाही वाटा होता.

पहिले दोन महिने स्वर्ग. मग सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर यायला लागला. सगळे म्हणाले टर्बोची सील गेली. सील ठणठणीत होती. टर्बोतून ऑइल चेंबरमध्ये परत आणणारा पाइप बारीक होता आणि मध्ये त्याला वर चढ होता. टर्बोला ऑइल बारीक छिद्रातून दाबानं जातं, पण परत येतं ते निव्वळ स्वतःच्या वजनानं. त्याला जाड पाइप आणि सलग उतार लागतो. तो नसला की ऑइल साचतं आणि सीलमधून धुरात जातं. हा पाइप बदलला, धूर थांबला. मला वाटलं सुटलो.

नंतर एप्रिलमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास, लळिंग घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण पॅडल दाबलेलं असताना आवाज आला. रिकाम्या डब्यात वाटाणे टाकून हलवावेत तसा. चार-पाच सेकंद. मी पॅडल सोडलं, आवाज थांबला, मी पुढे गेलो. त्या चार-पाच सेकंदांत माझं इंजिन गेलं होतं, मला कळलं नाही. घरी येईपर्यंत एक सिलिंडर मेल्यासारखी गाडी थरथरत होती. उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली पट्टी तुटून तुकडे निघाले. तळहाताएवढ्या कागदावर ते तुकडे ठेवून मिस्त्रीनं माझ्यासमोर ठेवले. अजून माझ्याकडे आहेत.

कारण? पेट्रोल कमी पडलं. इंजेक्टर मूळचेच होते, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला टर्बो बसलाय हे नीट शिकवलेलं नव्हतं. हिवाळ्यात निभावलं, उन्हाळ्यात नाही. दीपनगरच्या काकांचं गणित तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर!

अप्पा_नंदुरबार | १३ मे, रात्री ९:००

भाऊ, तू टर्बो बसाड नहीं ते सुपरचार्जर बसाड, पण पहिले इंजिनना दम देखी ले. मंग सांगजो.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. मी पस्तीस वर्षं गाड्यांचं काम करतो, निम्मी हयात ट्रकवर गेली. टर्बोची भीती आम्हाला नाही. सुरत-नागपूर हायवेवर धावणाऱ्या प्रत्येक ट्रकला टर्बो आहे, आणि धुळे-जळगावात तो उघडून, शाफ्टचा खेळ तपासून, बेअरिंग बदलून देणारी माणसं आहेत. सुपरचार्जर उघडलेला माणूस तुला इथे सापडायचा नाही. रस्त्यात बंद पडला तर कोण बघेल, हा प्रश्न शहरातल्या लोकांना लहान वाटतो. आपल्याकडे तो पहिला प्रश्न.

ट्रकचा टर्बो कशानं जातो ते सांगतो. बिजासन घाट चढून ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावतो आणि तत्क्षणी बंद करतो. टर्बो लालभडक, शाफ्ट अजून फिरतोय, आणि ऑइलचा पंप थांबला. आतलं ऑइल जळून कोळसा होतो, त्याच कोळशावर बेअरिंग घासतं. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षाही गरम, ९०० अंशांपर्यंत जातो. म्हणून पाणी फिरणारा टर्बो घे आणि घाटानंतर दोन-तीन मिनिटं गाडी नुसती चालू ठेव.

पण हे सगळं नंतर. दीड लाखाच्या घरात गेलेल्या इंजिनाला आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेजनं बघायचं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पॅडल पूर्ण दाबलेलं, बॅटरी फुल चार्ज. चारही आकडे लिहून ठेव. त्यांच्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचे पैसे इंजिनात घाल.

एरंडोली_पुण्यात | १४ मे, रात्री ११:४५

मूळची एरंडोलची, पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते. लळिंगच्या दादांचा प्रतिसाद वाचून झोप येईना, म्हणून आताच लिहिते. पेट्रोल कमी पडलं, हे त्यांचं निदान बरोबर आहे. त्यात आजच्या पेट्रोलची भर घाला.

पंपावर आता ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तितक्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावं लागतं. हळू चालवताना तुमची जुनी गाडी ऑक्सिजन सेन्सरकडून चूक ओळखून इंधन वाढवते. पूर्ण पॅडल दाबलं की ती सेन्सरकडे बघणं सोडते आणि २००७ साली लिहून ठेवलेल्या तक्त्यावर चालते. तो तक्ता ई२० साठी लिहिलेला नाही. म्हणजे टर्बो न बसवताच, जिथे इंधन सगळ्यात जास्त हवं नेमकं तिथेच ही गाडी थोडी कोरडी, म्हणजे हवेच्या मानानं कमी इंधनावर, चाललेली आहे. वर बूस्ट टाकलात तर काय होईल ते दादांच्या कागदावरच्या तुकड्यांत दिसतं.

ई२० ची जमेची बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन ९५ आहे, आणि इथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे आतली हवा थंडावते. नॉकिंगला हे औषधच. पण औषध लागू पडायला मात्रा बरोबर हवी. म्हणून टर्बो घ्या की सुपरचार्जर, या गोष्टी टाळू नका: मोठे इंजेक्टर, मोठा फ्युएल पंप, ई२० ला टिकणारे रबरी पाइप, नव्यानं लिहिता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि धुरातला ऑक्सिजन नेमका मोजणारा वाइडबँड सेन्सर. मीटर लॅम्बडा दाखवणारा घ्या. इंधनाला लागते नेमकी तेवढीच हवा असेल तर लॅम्बडा १, इंधन जास्त असेल तर १ च्या खाली. बूस्टमध्ये ०.८० च्या आसपास ठेवायचं. लॅम्बडाचा आकडा इंधन बदललं तरी बदलत नाही, हवा-इंधनाचं गुणोत्तर दाखवणारा मीटर ई२० वर फसवतो.

आणि सेडियावाले दादा, ट्यूनिंग जिथे गाडी चालवणार तिथे आणि त्या ऋतूत तपासून घ्या. पुण्यात जुलैमध्ये डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, काढलेला इंधन-ठिणगीचा तक्ता घेऊन मे महिन्यात अजिंठा घाटात जाऊ नका. इनटेकमधल्या हवेचं तापमान वाढलं की ठिणगी जरा उशिरा पाडायची आणि बूस्ट कमी करायचा, हे ईसीयूला आधीच लिहून द्यावं लागतं. आमच्या कामात सर्वांत जास्त वेळ याच तक्त्यावर जातो, आणि बाहेरच्या ट्यूनिंगमध्ये तोच बहुतेक वेळा कोरा सोडलेला असतो.

माझं मत टर्बोकडे आहे. पण वेगळ्या कारणानं. टर्बोचा बूस्ट ईसीयूला कमी करता येतो. वेस्टगेट (धुराला टर्बाइनच्या बाजूनं वाट देणारी झडप) उघडला की दाब उतरतो. एम४५ ची पुली एकदा बसली की ती डिसेंबर बघत नाही, मे बघत नाही. बायपास व्हॉल्व्हनं काही करता येतं, पण इतकं नेमकं नाही. तोरणमाळला जाता म्हणून आणखी एक: तिथे अकराशे मीटरवर हवेचा दाब बारा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. टर्बो जास्त फिरून ती तूट भरून काढतो, ब्लोअर तेवढ्याच फेऱ्या मारतो.

गिरणाकाठ | १५ मे, सकाळी ७:३०

ताईंचा मुद्दा मान्य. बूस्ट उतरवता येणं ही आपल्या हवेत मोठी गोष्ट आहे, माझ्या डोक्यात ती नव्हती. ईटीपीवर आम्हाला कायम एकच दाब लागतो, त्यामुळे तसा विचार करायची सवय लागलीय.

तरी पिकअपची शंका राहते. त्यांना २,५०० ला हवंय. मोठा टर्बो घेतला तर तिथे काहीच मिळणार नाही आणि ४,००० ला एकदम धक्का बसेल. ओल्या घाटात, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत, वळणाच्या मध्यावर असा धक्का मला तरी नको.

एरंडोली_पुण्यात | १५ मे, सकाळी ९:०५

अगदी बरोबर. म्हणून टर्बो लहानच हवा. लहान टर्बाइन हलकं, लवकर फिरतं, दोन-अडीच हजारांला ०.४ बार देऊ शकतं. वर ५,५०० नंतर त्याचा श्वास संपेल, पण दादांना वरचं नकोच आहे. विक्रेता १५० च्या वर पीएसचे आकडे सांगून मोठा टर्बो गळ्यात मारायला बघेल. त्याला सांगा, आकडा नको, २,५०० ला किती न्यूटन-मीटर मिळतील ते दाखव.

शिरपूरकर | १५ मे, दुपारी १२:२०

कायद्याकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कलमावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आणलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गाडी २००७ ची, म्हणजे पंधरा वर्षं २०२२ ला पूर्ण झाली. तुम्ही पुनर्नोंदणी पाच वर्षांसाठी केली असणार, म्हणजे २०२७ ला गाडी परत तपासणीला उभी राहणार. त्या दिवशी बॉनेट उघडलं जाईल. आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येतो, आणि तेव्हा समोरच्याचं नुकसानही तुमच्या खिशातून जाऊ शकतं. घाटात जाणाऱ्या माणसानं हे हलक्यात घेऊ नये. परवानगी मिळाली नाही तर रस्त्यावर नेऊच नका.

पारोळ्याचा_पोऱ्या | १५ मे, दुपारी १:०२

एवढं सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. वाचतोय, शिकतोय.

लळिंगचा_वाटसरू | १५ मे, रात्री ८:१५

एक राहिलं होतं. ब्रेक. माझी गाडी जोरात पळायला लागली आणि ब्रेक जुनेच राहिले. घाट उतरताना दोनदा पॅडल मऊ पडलं. ब्रेक फ्लुइड ताजं, पॅड चांगले, डिस्क नीट, हे आधी. क्लच आणि रेडिएटर त्यानंतर. टर्बो सगळ्यात शेवटी.

सेडिया_एमएच१९ | २६ मे, रात्री ९:५०

उशिरा लिहितोय, माफ करा. अप्पांनी सांगितल्याप्रमाणे कॉम्प्रेशन टेस्ट केली. मी स्वतः गेज धरून उभा होतो.

पहिला सिलिंडर १७५. दुसरा १७२. तिसरा १३८. चौथा १७०.

तिसऱ्याचा काटा दोन वेळा चढला आणि अडला. मिस्त्रीनं प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकलं आणि परत मारलं. १६४. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

अप्पा_नंदुरबार | २६ मे, रात्री १०:०५

ऑइल टाकल्यावर आकडा वर गेला म्हणजे व्हॉल्व्ह चांगले आहेत. गळती रिंगांतून आहे. ऑइलनं फट तात्पुरती बुजली. इंजिन उघड. आणि हो, त्या उघड्या फिल्टरची जाळी हातात घेऊन उन्हाकडे धरून बघ.

सेडिया_एमएच१९ | २८ मे, रात्री १०:३०

अप्पा, बघितली. जाळीच्या तळाशी जिथे क्लिप बसते तिथे रबर आक्रसलंय आणि करंगळी जाईल एवढी फट आहे. त्यामागच्या पाइपमध्ये बोट फिरवलं तर पिवळट भुकटी लागली. आमच्या शेताच्या रस्त्याची माती आहे ती, आणि तिच्यात जिनिंगजवळच्या रस्त्यावरचे सरकीचे बारीक तंतूही आहेत. चार वर्षं तिसरा सिलिंडर ही माती गिळत होता. मूळ डबा माळ्यावर ठेवला होता, खाली काढलाय, धुतलाय.

आज हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नख वरून खाली फिरवलं की दोन ठिकाणी अडकतं. बाकी तिन्ही गुळगुळीत. नाना शेजारी उभे होते. त्यांनीही नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, ब्लॉक बिडाचा आहे, बोअर करता येईल, घाबरू नको.

तर ठरलं ते असं. मुंबईवाल्याला एम४५ नको म्हणून कळवलं. गिरणाकाठ यांनी मांडलेलं माप आवडलं होतं, खरंच आवडलं होतं, पण इंटरकूलरला जागा नाही, इथे दुरुस्त करणारा नाही, आणि मे महिन्यात बूस्ट उतरवायची सोय नाही. पुढे जायचंच झालं तर लहान, पाणी फिरणारा टर्बो, ०.४ बारच्या वर नाही. इंजिन उघडलंच आहे तर पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले जास्त मजबूत, घालायचे का, हे ताईंना वेगळं विचारतो. शिरपूरकरांच्या सांगण्यावरून आरटीओला अर्ज लिहिलाय, उद्या देतो. विमा कंपनीलाही पत्र. ही उत्तरं येईपर्यंत टर्बोसाठी एक रुपया द्यायचा नाही, असं नानांसमोर कबूल केलंय.

एरंडोली_पुण्यात | २९ मे, सकाळी ७:१५

फोर्ज्ड घातलेत तर पिस्टन आणि भिंतीमधली फट मूळच्यापेक्षा जास्त ठेवावी लागते, ते पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात. बोरिंगवाल्याला पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करू देऊ नका. आधी पिस्टन, मग बोअर. उलटं केलं की फसतं.

सेडिया_एमएच१९ | २९ मे, सकाळी ७:४०

बरं झालं लिहिलंत. ब्लॉक आज सकाळी दहाला बोरिंगला जाणार होता. रिक्षावाल्याला फोन करून थांबवतो.